चिमीच्या नावाचे टाके

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या मावसबहिणीच्या शिवणाच्या दुकानात जाऊन ते कापड स्वतः बघावं.

गोष्ट गेल्या महिन्यातली. रविवार, भर दुपारचे तीन.

बहिणीच्या डोक्यात घराण्याचा इतिहास शोधायचं खूळ शिरलं होतं. सुरुवात सगळ्यात वयस्कर माणसापासून करावी, असं तिने कुठेतरी वाचलं. म्हणून ती तिच्या शहाऐंशी वर्षांच्या आत्याकडे गेली आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसली. आत्याला कोणाच्या लग्नात कोण रुसलं तेही पाठ.

घरी येऊन तिने ते ऐकलं.

"माझे वडील धरून भावंडं चौघं," आत्या सांगत होती.

मग नुसती खरखर...

आणि एका मुलीचा आवाज. फोनला तोंड लावल्यासारखा.

"पाच. मी चिमी."

रेकॉर्डिंग करताना खोलीत त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

ती तडक परत गेली आणि आत्याला ते ऐकवलं. आत्याने फोन उलटा ठेवला. बरेच आढेवेढे घेऊन तिने सांगितलं, की चिमी तिच्या वडिलांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी ठरलेलं लग्न नाकारून घरातून निघून गेली. आत्याच्या आजोबांनी, म्हणजे चिमीच्या वडिलांनी, तिचे कपडे जाळले, फोटोतून तिला कापून काढलं आणि बजावलं, या घरात भावंडं चौघंच.

"तूही चौघंच लिही," आत्या म्हणाली. "आजोबांचा शब्द आजवर कोणी मोडला नाही."

"मग मी मोडते."

बहीण हट्टाला पेटली. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने तिने मशीनवर सगळा वंशवृक्ष भरला. चिमीसकट. कापड दुकानात टांगलं आणि कुलूप लावून जेवायला गेली.

परत आली तर...

चिमी नव्हती.

बाकी एक टाका हललेला नाही. त्या जागी फक्त सुईची बारीक भोकं, आणि टेबलावर लाल दोऱ्याच्या तुकड्यांचा नीट रचलेला ढीग.

कपडे बदलायच्या पडद्यामागे कोणीतरी खाकरलं...

तिने पडदा ओढला. आत कोणी नाही.

तिने आत्याला फोन केला. आत्या एवढंच म्हणाली, "आजोबा असेच खाकरायचे."

बहीण घाबरली, चांगलीच घाबरली. पण रागही तेवढाच आला. सोळा वर्षांच्या पोरीला मेल्यावरही घरात जागा नाही म्हणजे काय?

"खाकरा खुशाल," ती रिकाम्या दुकानाला म्हणाली. "माझ्याकडे दोऱ्याची रिळं भरपूर आहेत."

तिने नाव पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी उसवलेलं. पुन्हा भरलं. असं अकरा वेळा झालं.

काल ती जेवून आली, तर चिमी जागेवर होती.

उसवलेलं होतं ते बहिणीचं स्वतःचं नाव.

तिने मला फोन करून हे सांगितलं. मी विनवलं, बाई गं, काढून टाक ते कापड, सोड हा नाद.  फोन टेबलावर ठेवल्याचं कळलं, मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

आणि मधेच, अगदी जवळून... कोणीतरी खाकरलं.

मशीन थांबलं नाही.