माऊसला हात न लावता

मिनलला आधी वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय.

आकुर्डीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. अभ्यासाला आणि रोजच्या कामाला कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, कोणत्यांच्या नादी लागू नये, असा विषय. संगणक कमी, माणसं जास्त. म्हणून एकेकावर दोघं बसवली, आणि मिनलच्या शेजारच्या खुर्चीवर सुजित येऊन बसला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चाकणच्या अलीकडच्या कुरुळी गावचा, कॉलेजात इतिहास शिकवणारा. एवढं त्याने बसल्या बसल्या सांगितलं, आणि मग प्रश्न सुरू झाले.

"तिथे वर काय लिहिलंय?"

"फाइल."

"आणि त्याच्या शेजारी?"

"एडिट."

"आवाज छान आहे तुमचा. पुढचंही वाचा की."

मिनलने वाचलं. पण तिचे कान तापले होते. तो तिच्याकडे सरळ बघतच नव्हता. तिच्या खांद्यापलीकडे, खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडे बघत बोलायचा. तरी तिला सारखं वाटत राहिलं की तो आपल्यालाच न्याहाळतोय. चौथ्यांदा "हे काय लिहिलंय?" आलं तेव्हा तिचा तोल सुटला.

"सर, तुम्हाला वाचता येत नाही का?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सुजित हसला नाही.

"येतं," तो हळू म्हणाला. "आता... थोडंच येतं."

चहाच्या सुट्टीत तो व्हरांड्याच्या टोकाला एकटाच उभा होता. मिनल कप घेऊन गेली आणि नुसतीच उभी राहिली. माफी कशी मागायची, हे तिला सुचेना.

"डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग आहे," त्यानेच सुरुवात केली. "वाढत चाललाय. औषध नाही म्हणतात. सरळ बघितलं, की नेमकं तेवढंच पुसलं जातं. बाजूला बघितलं, की दिसतं थोडं." तो पावसाकडे वळला. "मगाशी तुम्हाला बघायचं होतं, म्हणून खिडकीकडे बघत होतो."

"मी फार वाईट बोलले."

"नाही हो. सगळ्यांदेखत खरं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कॉलेजात कुणाला माहीत नाही अजून. लोकांना विचारत हिंडायचं म्हटलं, की माझी जीभ टाळूला चिकटते."

पावसाची झड आत आली तशी दोघं एकदमच मागे सरकली, आणि तिच्या कपातला चहा त्याच्या बाहीवर सांडला. या वेळी मात्र तो मनापासून हसला.

सुजितचा प्रबंध चाकणच्या आसपासच्या शेतांच्या नावांवर होता. कारखाने यायच्या आधी तिथल्या प्रत्येक पट्टीला नाव होतं: बोराची, आंबटवाडगं, सासूची पट्टी. जमिनी गेल्या तशी नावंही गेली. म्हातारी माणसं आहेत तोवर ती गोळा करायची, जुन्या कागदांशी ताडून बघायची, असं त्याचं काम. आणि नेमकी वाचायची वेळ आली तेव्हा अक्षरंच हातातून निसटायला लागली होती.

मिनलचं दुखणं वेगळं होतं. तिचं घर म्हणा, गाव म्हणा, सगळं भोसरीतच. वडील बीडकडून पोट भरायला आले आणि एका वर्कशॉपात लागले. ती अभ्यास करत होती भोसरीत खोल्या घेऊन राहणाऱ्या, एकट्या कामगार मुलींचा. मुलाखती भरपूर झाल्या होत्या. लिहायला बसलं, की शब्द लाकडासारखे व्हायचे.

शिबिर संपलं तेव्हा तीच म्हणाली, "एक सुचवू? तुम्हाला काय चालेल ते आपण दोघं मिळून शोधू. बदल्यात माझी प्रकरणं ऐका."

"ऐकू? वाचू नको?"

"मीच वाचून दाखवीन. आवाज छान आहे ना माझा?"

पिंपळे गुरवच्या एका वाचनालयात दुपारी गर्दी नसायची. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांचं काम सुरू झालं. मिनलने एक साधा नियम केला: सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, माऊसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर चाललं तरच ठेवायचं. त्या एका नियमाने अर्धी यादी गळाली. एक महागडं होतं, दिसायला देखणं. पण त्याची सगळी बटणं म्हणजे मुकी चित्रं. स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर त्यांच्यावर आलं, की फक्त "बटण, बटण, बटण" म्हणायचं.

"हे लग्नातल्या फोटोसारखं आहे," सुजित म्हणाला. "छान दिसतं, बोलत काही नाही."

स्क्रीन वाचायला त्यांनी एनव्हीडीए ठेवलं, संदर्भ सांभाळायला झोटेरो. दोन्ही मोफत, दोन्हींना आपलं काम कळत होतं. कागदाच्या फोटोतून अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी मात्र गाडी अडली. जुन्या छपाईतला भ त्याला म दिसायचा. एका पंचनाम्यातले 'तलाठी भाऊसाहेब' मशीनने मोठ्या गांभीर्याने 'तलाठी माऊसाहेब' असे वाचले, आणि मिनलला हसू आवरेना. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"माऊसाहेब जागेवर हजर होते," सुजित कुजबुजला.

"पुरे हं!"

"त्यांनी दूध पिऊन सही केली."

ती ओढणीत तोंड खुपसून हसत राहिली. तो शेजारच्या कपाटाकडे, म्हणजे तिच्याकडे बघत होता.

मग ती तिचं प्रकरण वाचायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच बोट उचलायचा.

"हे वाक्य तुझं नाही. कुणाकडून तरी मागून आणलंय." तो 'तू'वर कधी आला, दोघांनाही कळलं नाही. "ती मुलगी तुला काय म्हणाली होती? तिच्या शब्दांत सांग."

"म्हणाली, ताई, खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली, की मला माझं घर असल्यासारखं वाटतं."

"मग हेच लिही ना. एवढं चांगलं हातात असताना..."

तिने तेच लिहिलं. पुढचं पान पहिल्यांदाच लाकडी झालं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना तिच्या लक्षात आलं, आपण दुपारची वाट कामासाठी बघत नाही. ती घाबरली. आणि हे घाबरणं तिला आवडलंही.

एका दुपारी ती लवकर आली. एक नवीन प्रोग्रॅम बघायचा होता. सुजितला काय अडेल ते आपल्या डोळ्यांनी कसं कळणार, असं मनात आलं, म्हणून तिने संगणकाचा पडदा बंद केला, ओढणी डोळ्यांवर बांधली, कानात हेडफोन घातले आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. टॅब... टॅब... चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. बाटली घ्यायला हात गेला आणि बाटली लवंडली. ती चाचपडत पाणी पुसत राहिली, ओठ घट्ट मिटून, आणि पुन्हा बटणं दाबायला लागली. पुन्हा चुकली. वैतागून तिने टेबलावर मूठ आपटली.

सुजित तेव्हा दारात उभा होता. बराच वेळ उभा होता. मान किंचित वळवून, ती नीट दिसेल अशी धरून. तिच्या ओल्या बाह्या त्याला दिसत होत्या, डोळ्यांवर बांधलेली ओढणी दिसत होती. तो पुढे आला नाही. आल्या पावली परत गेला.

रात्री त्याचा मेसेज आला: 'तुझे खूप उपकार आहेत. पुढचं माझं मी बघेन. तुझा प्रबंध पूर्ण कर.'

तिने फोन केले, त्याने उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं, तिसऱ्या दिवशीही. ग्रंथपालबाईंनीच शेवटी सांगितलं, "ते सर त्या दिवशी आले होते की. दारातूनच तुमच्याकडे बघत उभे होते. मग काय झालं कुणास ठाऊक, गेले."

मिनलला सगळं समजलं. आधी रडू आलं, मग राग आला. रविवारी ती बस धरून कुरुळीला गेली.

कंपनीच्या लांबच लांब भिंतीला लागून त्याचं घर होतं, मागे एक वावर शिल्लक. अंगणात सुजितची आई, भागूबाई, शेंगा निवडत होती. तिने मिनलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तूच का गं ती मिनल?"

"हो, मावशी."

"बस. आगं, जेवताना उठताना तुझंच नाव आसायचं. मिनल आसं म्हणली न् मिनल तसं म्हणली. आता आठवडा झाला, नाव न्हाई का काय न्हाई." भागूबाईने हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. "भांडलासा व्हय?"

"तेच विचारायला आलेय."

"आत हाय. त्या पेटीसंगं बोलतंय."

आतून यंत्राचा आवाज येत होता, भरभर, एकावर एक शब्द. मिनल उंबऱ्यात थांबली. सुजितची बोटं कीबोर्डवर सहज फिरत होती. आवाज इतका वेगात होता की तिला एक वाक्य धड कळेना. तो मात्र ऐकत होता, थांबवत होता, एखादं नाव दुरुस्त करून पुढे जात होता. जुना कागद वाचून झाला, संदर्भ जागेवर गेला. माऊस भिंतीकडे ढकलून ठेवला होता.

त्याला आता कुणाची मदत लागत नव्हती. मिनलला वाटलं होतं, हे बघून आपण खचून जाऊ. झालं उलटंच. तिला एकदम मोकळं वाटलं.

"चांगलं जमलं की," ती म्हणाली.

त्याची बोटं थबकली. "मिनल? तू... इथे?"

"बरं झालं, तुम्हाला माझी गरज उरली नाही. आता मला बोलता येईल." ती उंबरा ओलांडून आत आली. "तुम्हाला वाटलं, ही दयेपोटी करतेय. डोळे बांधून बसलेली बघितली आणि पळालात. अहो, मला ते सॉफ्टवेअर तपासायचं होतं. मी प्रत्येक गोष्ट अशीच करते, हात बुडवून. तुम्ही मला आवडता. कामाशिवाय आवडता. एवढंच सांगायला आलेय."

बाहेर सुपाचा आवाज थांबला होता.

"त्या दिवशी तू चाचपडत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, हे मी तुला देणार? जन्मभर?"

"द्यायला मी मागितलंय का? ते तुमचं आहे. माझ्या वाट्याला माझं वेगळं चाचपडणं आहे, ते तुम्ही ऐकताच की."

"आज ठीक आहे, मिनल. उद्या याहून कमी दिसेल. तुला कंटाळा येईल."

"येईल," ती म्हणाली. "आईला बाबांचा रोज येतो. तरी ते कामावरून यायची वेळ झाली, की ती चार वेळा दारात जाते."

त्याचे हात मांडीवर निपचित पडले होते.

"तू विचार कर," तो शेवटी म्हणाला.

"मी करून आले. आता तुम्ही करा."

ती वळली. भागूबाईने तिच्या पिशवीत शेंगा ओतल्या आणि तिच्या गालावरून खरखरीत हात फिरवला. परतीच्या बसमध्ये मिनल त्या शेंगा मांडीवर घेऊन बसली होती. भोसरी येईपर्यंत तिने मनाची तयारी केली: तो आला नाही, तरी आपण केलं ते चुकलं नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून तिचे वडील किसनराव घरी होते. दुपारी दार वाजलं. मिनलने उघडलं, आणि तिचा हात कडीवरच राहिला.

सुजित उभा होता. केस ओले, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल.

"तुम्ही... एकटे? इथे? घर कसं सापडलं?"

"विचारत विचारत," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "भोसरीत पाच-सहा गल्ल्या चुकलो. एका चहावाल्याला सांगितलं, मला पाट्या दिसत नाहीत, जरा सांगाल का. तो चौकापर्यंत आला. मग एका भाजीवालीला विचारलं. मिनल, लोक सांगतात गं... मला वाटायचं तेवढं अवघड नसतं."

किसनराव उठून पुढे आले. सुजितने त्यांना वाकून नमस्कार केला आणि बसायच्या आधीच बोलायला लागला. आपलं नाव, गाव, कॉलेजातली कच्ची नोकरी, डोळ्यांवरचा डाग, तो वाढणार आहे हे, आणि कालच विभागप्रमुखांना हे सगळं सांगून टाकलं, हेही. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "काका, मला मिनलशी लग्न करायचंय. तिला सोबतीला मागतोय, सेवेला नाही."

मिनलची आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. किसनरावांनी हातातला गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"पोरीनं आमाला काही सांगितलेलं नव्हतं बघा," ते म्हणाले. "मला आज हो म्हणता यायचं नाही. डोळ्यांचं ऐकून बापाचं काळीज हलतंच. घरी बोलू, तुमच्या आईला भेटू." मग सुजितच्या चिखलाने भरलेल्या पँटकडे बघत म्हणाले, "पण तोंडावर येऊन सांगितलंत. हे मी विसरणार नाही. मिनल, ह्यांना स्टॉपपर्यंत सोडून ये."

पाऊस थांबला होता. वर्कशॉपांची शटरं सुट्टीमुळे बंद होती, रस्ता कधी नव्हे इतका शांत. सुजितने तिच्या कोपराला हात लावला, अगदी हलका, आणि दोघं एका चालीने चालत राहिली.

"बाबा मानतील," ती म्हणाली.

"नाही मानले तर?"

"तर पुन्हा यायचं. आता वाट पाठ झाली ना?"

स्टॉपवर दोघं खांबाला टेकून उभी राहिली. एक बस आली. मिनलने पाटी वाचली, चाकण. ती काही बोलली नाही. बस थांबली, दोन माणसं चढली, बस निघून गेली.

थोड्या वेळाने सुजित म्हणाला, "चाकणची होती ना?"

ती दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीतली बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, चाकणला उतरते म्हणून."

"मग चढला का नाहीत?"

"तू सांगितलं नाहीस, म्हणून."