त्रेसष्ट डबे

कॅन्टीनच्या हॉलमध्ये चौसष्ट माणसं होती, चौसष्ट बिल्ले होते आणि त्रेसष्ट डबे होते.

बिल्ला म्हणजे शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी चकती. ती छातीवर डाव्या बाजूला चिकटवायची. डबे घरच्या फराळाचे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात डायलिसिसच्या गाळण्या बनत. दिवाळीआधीच्या शुक्रवारी, दुपारी तीन ते साडेचार, तिथे फराळ असे. प्रत्येकाने घरचा डबा आणायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं. हा रिवाज बिल्ल्यांच्याही आधीचा होता.

चौसष्टावा डबा केतकी चौगुले यांचा. एकोणीस वर्षं त्या तपासणी विभागात होत्या आणि एकदाही डबा चुकला नव्हता. पण वैशाखात त्यांचे यजमान गेले. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलेलं असतं, तिथे त्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे आणून देतात आणि थोडा वेळ बसून जातात.

चार दिवसांपूर्वी त्या अन्वय सामंतच्या खोलीत आल्या होत्या. अन्वय एकतीस वर्षांचा. बिल्ल्यातलं गणित त्याच्या प्रबंधातून आलं होतं. त्याने दाखवून दिलं होतं की ज्या गटातली माणसं एकत्र हसतात, त्या गटात चुका कमी होतात आणि तिथून सोडून जाणारेही कमी असतात. कंपनीने त्यापुढचं वाक्य स्वतः लिहिलं. सलग तीन कार्यक्रमांत ज्याचा एकत्र हसण्याचा आकडा चाळिसाच्या खाली जाईल, त्याचा वार्षिक करार पुढे चालवायचा नाही. केतकीताईंचा गणपतीत चौतीस आला होता आणि खंडेनवमीला एकतीस.

"सर, मी फराळाला आले नाही तर चालेल का?"

"सक्ती नाहीये, ताई. पत्रकात तसं लिहिलंय."

"पत्रक मी वाचलंय. तुम्हाला विचारतेय."

अन्वयने खुर्ची वळवली. "गैरहजर माणसाचा आकडा शून्य धरतात."

"म्हणजे सक्तीच की."

त्याने समोरचं पत्रक उलटं करून ठेवलं.

"मग एकदा नीट सांगा तरी, हे बघतं काय? स्टोअरमधले बाबासो म्हणतात, मनातलं वाचतं."

"बाबासोंच्या मनात जेवणाशिवाय काय सापडणार? मन वगैरे काही नाही, ताई. हे फक्त श्वास बघतं. आरतीला टाळ्या वाजवताना लक्ष दिलंय कधी? ज्याला चाल येते तो ठेक्यावर असतो. जो शेजाऱ्याचं ऐकून वाजवतो तो किंचित मागे राहतो. हसण्याचंही तेच. हसू फुटताना छातीला पहिला हिसका बसतो. दोघांना एकाच गोष्टीचं हसू आलं तर ते दोन हिसके सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत येतात. दुसरा हसला म्हणून जो हसतो, त्याचा अर्ध्या सेकंदाने येतो. ऐकायला आणि ठरवायला तेवढा वेळ लागतोच. या मेळाला मी सहलय म्हणतो. शून्य ते शंभर."

"आणि माझा अर्ध्या सेकंदानं येतो."

"तुमचा पाऊण सेकंदाने."

"ठेवलंय बघा मोजून!" त्या म्हणाल्या. "मग हसायचं कसं ते शिकवा की."

"ते शिकवता येत नाही. शिकवता आलं असतं तर यंत्राला अर्थ उरला नसता." हे बोलताना आवाजात थोडा अभिमान आला, आणि तो त्याला स्वतःलाच ऐकू आला.

केतकीताई खिडकीकडे बघत होत्या. "आमच्याकडं चकल्यांना सोऱ्या हे धरायचे. चकलीचं वेटोळं कधी जमलंच नाही त्यांना. लेकीच्या नावाची अक्षरं पाडायचे कढईत. मी ओरडायची."

अन्वयने टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "हसायलाच पाहिजे असं नाही, ताई. दोन माणसं जवळ उभी राहून नुसती बोलली तरी श्वास हळूहळू जुळतात. हसण्याएवढे नाही, पण पंचेचाळीसपर्यंत जातात. तुम्हाला एक जोडी मिळाली तरी पुरे. दीड मीटरच्या आत, पाच सेकंदांहून जास्त कुणी थांबलं की यंत्र जोडी धरतं. त्याहून कमी वेळ आलं-गेलेलं मोजत नाही."

"आणि जो थांबेल त्याचा आकडा? खंडेनवमीला वैजयंती माझ्या शेजारी बसली. तिचा बासष्टचा सेहेचाळीस झाला."

"सरासरी आहे ना. कमी मेळाची जोडी दोघांनाही खाली ओढते."

"हां. आता ती जेवायला पलीकडच्या टेबलावर असते. मी नाही हो रागावले. तिची सासू अंथरुणावर आहे, तिला नोकरी पाहिजेच."

"मी थांबेन तुमच्याजवळ," अन्वय म्हणाला. "दहा मिनिटं. मी स्वतः."

"तुमचा मागचा किती होता?"

"त्रेचाळीस."

"बनवणाऱ्याचा त्रेचाळीस!"

त्या हसल्या. तोही हसला, अगदी त्याच क्षणी. दोघांच्याही छातीवर तेव्हा बिल्ला नव्हता.

"मग वागायचं कसं तेवढं सांगा," जाताना त्यांनी विचारलं.

"कोपऱ्यात बसू नका. मधल्या टेबलाशी उभ्या राहा, ताट हातात ठेवा. लोक येतील."

लोक आले. अन्वय पाण्याच्या पिंपाजवळून बघत होता. केतकीताई मधल्या टेबलाशी उभ्या होत्या. फिकट निळी साडी, हातात रिकामं ताट. ज्याच्या त्याच्या लक्षात होतं की यांच्याकडे यंदा काही केलेलं नाही. जो तो आपला डबा उघडत त्यांच्याकडे जात होता, ताटात चकली नाहीतर शेव ठेवत होता, आणि वळत होता.

"ताई, लाडू जपून हं," बाबासो म्हणाले, "गेल्या साली साहेबांची दाढ हलली होती!" बोलता बोलताच ते पुढे सरकले. केतकीताईंचं हसू ओठांवर आलं तेव्हा बाबासो पुढच्या टेबलाशी होते.

वैजयंतीने करंजी ठेवली. "खोबरं ताजं आहे," ती म्हणाली. मग तिने केतकीताईंच्या मनगटाला हात लावला, आणि तो घाईने परत घेतला. "येते हं." हे शेवटचे शब्द दोन मीटरांवरून आले.

पाच सेकंदांचा नियम कोणत्याही पत्रकात नव्हता. अन्वयने तो केतकीताईंशिवाय कुणाला सांगितला नव्हता, आणि त्यांनीही कुणाला सांगितला नव्हता. पण चार कार्यक्रमांचे आकडे सगळ्यांनी पाहिले होते. तापलेल्या तव्याला हात लावून बघणाऱ्याला हात कधी काढायचा हे कुणी शिकवत नाही. ताट भरलं. कुणीतरी दुसरं आणून दिलं, तेही भरलं. रिवाजात कुठेही कसर राहिली नव्हती.

चारला दहा मिनिटं असताना अन्वय डबा घेऊन निघाला. त्याला दुरून येताना बघून केतकीताईंनी शेजारच्या खुर्चीवरचं ताट उचललं आणि जागा केली.

"आलात. बसा," तो दोन टेबलं लांब असतानाच त्या म्हणाल्या.

"अनारसे आहेत. आईने केलेत," चालता चालताच अन्वय म्हणाला आणि डबा पुढे केला.

त्यांनी एक अनारसा उचलून उजेडाकडे धरला. "जाळी काय सुरेख पडलीय हो. आमच्या यांना अनारसा म्हणजे..."

अन्वय ऐकत होता, आणि आपण मनातल्या मनात सेकंद मोजतोय हेही त्याला ऐकू येत होतं.

"सामंत!" कारखान्याचे व्यवस्थापक मोहिते माइकवरून ओरडले. "अरे, फोटोला या! तुम्ही नसलात तर आम्ही हसायचं कुणाला भिऊन?"

पहिल्या हाकेलाच अन्वय दोन पावलं मागे सरकला होता. सगळा हॉल हसला.

"आलोच, ताई."

"या," केतकीताई म्हणाल्या. खुर्चीवर त्यांनी परत ताट ठेवलं नाही. साडेचारपर्यंत ती तशीच रिकामी होती.

पाच वाजता अहवाल नेहमीप्रमाणे आपोआप मुख्य कार्यालयात गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी अन्वयने तोच तक्ता उघडला. हॉलचा एकूण सहलय एकाहत्तर होता, आतापर्यंतचा सर्वांत जास्त.

त्याने केतकीताईंची ओळ शोधली. जवळ येऊन गेलेल्या व्यक्ती एकोणसाठ. जोड्या शून्य. सहलय शून्य.

हे दुसरं शून्य मोजलेलं नव्हतं. एकही जोडी नसेल तर सरासरी काढताना शून्याने भागावं लागतं, आणि तिथे प्रोग्राम बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून अन्वयने तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक ओळ घातली होती: जोडी नसल्यास शून्य लिहावे. भरलेल्या हॉलमध्ये असं माणूस असणारच नाही, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. ही ओळ पुन्हा तपासावी असं त्याला नंतर कधी वाटलं नव्हतं.

त्याने तक्ता थांबण्याच्या वेळेनुसार लावला. एकोणसाठ नावं आली. सर्वांत वर वैजयंती होती, ४.८ सेकंद. तिच्या खाली दुसरं नाव होतं.

अन्वय सामंत. जोड्या अकरा. सहलय चौसष्ट. केतकी चौगुले यांच्याजवळ थांबण्याचा काळ: ४.६ सेकंद.