पाठमोरा

मुक्ताला ओजस आधी पाठीकडून आवडला. कोलोनच्या स्टेशनवर करडा कोट घालून तो गाडीची वाट बघत उभा होता. खांदे किंचित झुकलेले... तिने कॅमेरा सुरू केला. तेवढ्यात ती पाठ वळली आणि जर्मनमध्ये रागावली—न विचारता शूटिंग कसं करता?

"मेले!" मुक्ता पुटपुटली.

"इतक्यात नको," तो मराठीत म्हणाला. "आधी परवानगीचा फॉर्म दाखवा."

फॉर्मवर सही झाली. ओजस दूर झिंडेलफिंगेन गावी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानंतर तीन महिने तो दर शनिवारी आगगाडीने कोलोनला येत राहिला, मुक्ताच्या डिप्लोमा फिल्मचा नायक व्हायला. एवढा खटाटोप कशासाठी, हे तिने विचारलं नाही. शहाण्या मुली काही गोष्टी विचारत नाहीत.

फिल्म होती वाट बघणाऱ्या एका माणसाची. मुक्ताचं दैवत होतं ओटमार क्रेल. या थोर दिग्दर्शकाचे प्रेमिक कायम पाठमोरे दिसत, आणि निम्मं जग त्या पाठींवर फिदा होतं. मुक्ताने त्यावर चाळीस पानं लिहिली होती. तेव्हा ओजसचीही फक्त पाठच.

तिच्या प्राध्यापक फ्राऊ हेस तरुणपणी क्रेलच्याच सहायक होत्या. त्यांनी फिल्म पाहिली. "हो, सुंदर आहे. पण क्रेलची आहे. दोन आठवड्यांत तुझी घेऊन ये, नाहीतर डिप्लोमा विसर."

मुक्ता ओजसपुढे रडली. अगदी नाक लाल होईपर्यंत.

"आम्ही दुसऱ्या कंपनीची गाडी आणून स्क्रूपर्यंत खोलतो," तो म्हणाला. "कॉपी करायला नाही गं. हा स्क्रू इथेच का, ते कळायला. तुझ्या क्रेलने पाठच का दाखवली?"

"एकाकीपणा... माणसाचं..."

"कुणाला विचारलंस?"

तिने फ्राऊ हेसना विचारलं. त्या खोखो हसल्या. "अगं, नायक-नायिकेचं जाम भांडण झालं होतं! तोंडं अशी आंबट, की क्रेल वैतागून कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे जाऊन बसला. लोकांना आवडलं, मग तेच चालू ठेवलं."

चाळीस पानं पाण्यात गेली. शनिवारी मुक्ताने ओजसला बाकावर बसवलं आणि पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन त्याच्या समोर आली.

"कुठे बघू?"

"जिची वाट बघतोयस, तिच्याकडे."

त्याने थेट मुक्ताकडे पाहिलं.

"ओजस—अभिनय नको करूस."

"नाही करत. तीन महिने नुसती पाठ दिसत होती, म्हणून निभावलं."

तिच्या हातातला कॅमेरा हलला. तो शॉट तिने तसाच ठेवला.

"फ्रेम हलली आहे," फ्राऊ हेस म्हणाल्या.

"हो."

"पुन्हा घेणार?"

"नाही."

फ्राऊ हेसनी तो शॉट पुन्हा एकदा लावला. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "ही तुझी."

ओजस बाहेर उभा होता. "काय म्हणाल्या?"

"पास. आणि विचारत होत्या, हा मुलगा कोण?"

"आल्झो... मग?"

"माझा, म्हटलं."