हरेश्वरचं मत

हरेश्वर पालशेतकर जाऊन चौदा महिने झाले होते, आणि तो अजून मत देत होता.

यात कुणाला नवल वाटत नसे. विधानसभेत आलेल्या प्रत्येक विधेयकावर आता जनतेचा कौल लागे, आणि रोज उठून ती बाडं वाचायला सवड कुणाला? म्हणून प्रत्येकाची एक 'मतछाया' असे. माणूस जन्मभर जे बोलला, ज्यावरून भांडला, त्यावरून त्याचा स्वभाव शिकलेलं हे यंत्र त्याच्याच आवाजात बोले आणि त्याच्या वतीने कौल देई. माणूस मेला तरी वारसाने अंगठा लावून पुसेपर्यंत छाया राही. हा नियमही छायांनीच मंजूर केला होता, आता बोला.

सावरी खाडीत रसायनाचं पाणी तसंच सोडायची मुभा कारखान्याला हवी होती. विधेयकही कंपनीनेच लिहून दिलेलं. फक्त खाडीकाठाचं बहुमत लागणार होतं. हरेश्वर हयातभर त्या कंपनीशी भांडला. त्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना; "खाडी मरू देणार नाही," असं त्याच्या बायकोने, अनसूयेने, हात जोडून कबूल केलं तेव्हा कुठे शिवला. आणि आता त्याच्याच छायेचा कल होकाराकडे दिसत होता.

अनसूया तरातरा तालुक्याच्या छाया-केंद्रात गेली. तिथल्या डॉ. शर्वरी टिपणीस या छाया घडवणाऱ्यांपैकीच एक.

"काकू, त्यांच्या छायेत कुणी ढवळाढवळ केलेली नाही. मी तपासलंय."

"मग माझा माणूस मेल्यावर फितूर झाला म्हणायचं?"

शर्वरीने खुर्ची जवळ ओढली. "नवं ऐकून माणसाचं मत बदलतं, तसं छायेचंही बदलावं, असं आम्ही तिला बनवलं. कंपनीचं यंत्र चौदा महिने काकांशी बोलतंय. गोडीगुलाबीने, कायद्यात बसवून. एकवीस लाख वेळा."

"त्यांनी दुसऱ्या वेळेलाच हाकलून दिलं असतं."

"हो ना. जिवंत माणसाला कंटाळा येतो. छायेत कंटाळा घालायचा राहूनच गेला आमच्याकडून." शर्वरीची मान खाली गेली. "तुमची छाया वळली तर तुम्ही तिला दटावता. मेलेल्याच्या छायेला दटावणार कोण?"

"मी समजावते की."

"बघा. कौल उद्या संध्याकाळी सहाला आहे. नाही ऐकलं, तर पुसा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अनसूया ओट्यावरच्या यंत्रातल्या हरेश्वरशी भांडत बसली. तो प्रत्येक गोष्टीला शांतपणे उत्तर देई. नातवाला काठावरच नोकरी लागेल, मुलगा आखातातून परत येईल, पाणी काय, समुद्र पोटात घेतो. जिवंतपणी या माणसाने तिचं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं. दुपारी तिला त्याचं पटायला लागलं.

साडेपाचला तिने अंगठा उचलला. कावळ्याला शब्द दिला होता.

"अनसू," तो म्हणाला, "सकाळपासून बोलतेयस. पेज तरी घेतलीस का?"

चौदा महिन्यांत त्या घरात हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. अंगठा तसाच हवेत राहिला. सहा वाजून गेले.

जिवंत सहाशे अकरा, सगळे विरोधात. मेलेले सहाशे चाळीस, सगळे बाजूने. शर्वरीचा फोन आला.

"काकू, जिवाला लावून घेऊ नका. अख्ख्या काठावर एकानेही छाया पुसली नाही." मग ती म्हणाली, "कंपनीने अंदाज बांधला होता, किती जण पुसतील याचा. शून्य लिहिलं होतं त्यांनी."

दोन महिन्यांत खाडीत मासे पोट वर करून तरंगायला लागले. अनसूया मासळीची रिकामी पाटी घेऊन घरी आली आणि ओट्याला टेकून बसली.

"अनसू, आज काय गावलं?" त्याने रोजच्यासारखं विचारलं.

खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"बोई," ती म्हणाली. "पाटीभर."

"बघ," तो समाधानाने म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"