आधीच्या आईचा आवाज

आमच्या प्रयोगशाळेत बाळांना रडवत नाहीत, हे मला नातेवाइकांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. डोक्यावर तारांची मऊ टोपी घालायची, आईच्या मांडीवर बसवायचं आणि दोन आवाज ऐकवायचे. एक आईचा, एक परक्या बाईचा, वाक्यं तीच. आईच्या आवाजानं बाळाचा ताण किती उतरतो आणि भाषा शिकणारा मेंदू कसा जागा होतो, हे माझं संशोधन. परका आवाज म्हणून आधीच्या बाळाच्या आईचं रेकॉर्डिंग लावायचं, ही आमची पद्धत. वेगळी बाई शोधत कोण बसणार?

त्या दिवशी एक बाळ सर्दीमुळे आलं नाही. मशीन रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मी माझ्या लेकीला, ठकीला, पाळणाघरातून उचलून आणलं. माझा आवाज ऐकून ती कशी खुलते ते सगळ्यांना दाखवायचं होतं. माझीच लेक ना!

झालं उलटंच. माझ्या आवाजाला पडद्यावरच्या रेषा हलल्याच नाहीत. परका आवाज लागला आणि ठकीनं हात नाचवले, स्पीकरकडे बघून खुदकन हसली. ताण मोजायला घेतलेल्या तिच्या लाळेच्या तपासणीतही तेच आलं. त्या आवाजानं ताण उतरला होता. माझ्यानं चढला होता.

"फायली उलट्या लावल्यास तू," मी आमच्या तंत्रज्ञावर खेकसले. त्याला सगळे चष्मिस म्हणतात.

"मॅडम, तुमचा आवाज मी ओळखणार नाही होय? रोज ओरडा खातो."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. ही बाई कोण? माझ्यामागे माझ्या लेकीला भेटते की काय? नवऱ्याला विचारलं तर तो हसत सुटला. पाळणाघरातल्या मावशींना आडून आडून विचारलं.

"नाही हो ताई, तुमच्याशिवाय कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. "ठकी दुपारी एकटीच गप्पा मारत असते. मध्येच गप्प बसते, ऐकल्यासारखी. मग पुन्हा सुरू."

समोरच्याला बोलायला जागा सोडायची, हे बाळ माणसांकडूनच शिकतं. माझा तर विषयच तो. मला ते अजिबात आवडलं नाही.

त्या आधीच्या आईला मी बोलावून घेतलं. म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू. बाई आली ती चिरक्या आवाजात भराभरा बोलत. रेकॉर्डिंगमधला आवाज जाडसर, सावकाश. तिनं तो ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही मी नाहीच."

चष्मिसचा चेहरा खर्रकन उतरला. तिच्यासमोर बसून, तिचंच रेकॉर्डिंग त्यानं केलं होतं.

मला मग नादच लागला. हेडफोन लावून तेच ऐकत बसायचे. ती श्वास कुठे घेते, शब्दाच्या शेवटी कशी रेंगाळते. कुठेतरी ओळख पटेल असं वाटायचं. खरं सांगते, हेवाही वाटायचा. मी नऊ महिने पोटात वाढवलं आणि ही कोण टिकोजीराव?

माझ्या आईचा फोन आला. "घसा बसलाय का गं?"

"नाही."

"मग अशी काय बोलतेस?"

दुसऱ्या दिवशी मी मागून हाक मारली तर चष्मिस केवढ्यानं दचकला. वळून बघितल्यावर म्हणाला, "तुम्ही होय!" नंतर दिवसभर माझ्याजवळ फिरकला नाही.

काल पाळणाघराच्या दारातून मी नुसतं "ठकी" म्हटलं. आतून आनंदाची किंकाळी आली. धडपडत, रांगत आली आणि माझ्या पायांना बिलगली. मी तिथेच बसकण मारून रडले. आली गं बाई, माझी लेक शेवटी माझ्याकडे आली!

तिला मांडीवर घेऊन नवऱ्याला फोन लावला.

"अरे, ऐक ना, ठकीनं मला ओळखलं!"

"कोण बोलतंय?"

"मी रे," मी हसले.

"मी कोण? माझ्या बायकोचा फोन तुमच्याकडे कसा?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ठकी माझ्या ओठांकडेच बघत होती. काहीतरी बडबडली, मग थांबली.

मान डोलवत ऐकत राहिली.