उतारावरचं घर

"मेकॅनिक कुठे आहेत?" दारातूनच त्याने विचारलं. झोपलेलं मूल उचलून आणावं तसा रेकॉर्ड प्लेअर दोन्ही हातांत धरलेला.

"तुमच्या समोर," मी म्हटलं.

बिचारा असा काही ओशाळला, की मला हसूच आलं. बाबांच्या दुकानात दुरुस्त्या मी करते, हे नवख्या माणसाला पटायला जरा वेळ लागतो.

"तबकडीतल्या गाणाऱ्या बाई वरच्या सुरात गेल्या की आवाज फाटतो हो..."

मी तबकडी लावली. खरंच फाटत होता. सुईचं कार्ट्रिज चांगलं दणदणीत होतं. पण प्लेअरमधल्या, आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपचं मागचं बटण मात्र कमी आवाजाच्या नाजूक कार्ट्रिजसाठी वर ठेवलेलं. आधीच मोठा आवाज, त्याला आणखी चढवलेलं! मी बटण खाली केलं. गाणं कसं लख्ख झालं. तो मात्र प्लेअरकडे नाही... माझ्याकडे बघत होता.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. तोच बिघाड, तेच बटण वर. मग पुन्हा. आणि पुन्हा...

"आपोआप सरकतं वाटतं?" एकदा मी विचारलंच.

"घर उतारावर आहे ना," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

कळत का नव्हतं मला? पण बोलले असते तर त्याचं येणं थांबलं असतं. म्हणून मी बटण खाली करून द्यायची आणि आठवडाभर शनिवारची वाट बघायची.

आणि एकदा तो आला तेव्हा नेमकी मी बाहेर गेले होते; बाबांनी, माझ्या भोळ्या बाबांनी, ते बटण खाली करून पक्कं चिकटवूनच टाकलं!

"पोराला किती हेलपाटे पडतात गं!" म्हणाले.

मी कपाळावर हात मारला.

त्यानंतर कित्येक शनिवार तो आलाच नाही. दारात कुणी उभं राहिलं की माझी मान वर... आणि बघते तर कुणाची तरी इस्त्री, नाहीतर मिक्सर. जेवणावरून वासना उडाली. आपणच जाऊन विचारावं? पण तो खरंच फक्त दुरुस्तीसाठी येत असला तर? मग कुठे तोंड लपवायचं?

एका शनिवारी तो आला. हातात प्लेअर.

"आता काय बिघडलं?" या वेळी माझाच आवाज फाटला.

"काहीच नाही. एकदम स्वच्छ वाजतोय." तो खाली बघत राहिला. "पण... एकट्याने ऐकवत नाही."

"चिकटवलेलं सुटलं की काय रे?" आतून बाबा ओरडले.

"नाही, काका!" तो दचकलाच.

मी हात पुसले, पर्स उचलली.

"बाबा, मी जरा यांच्याकडे जाऊन येते. घर उतारावर आहे म्हणतात... एकदा बघायलाच हवं."