गुग्गुळाचा वास

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण मनकर्णामावशीने हे मरेपर्यंत जसंच्या तसं सांगितलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. राहात्याकडचा एक साखर कारखाना. भर दुपार होती.

साखर वाळवायच्या हॉलमधून गरम हवा बाहेर जायची. तिच्या उष्णतेवर आत येणारी ताजी हवा तापवायला पत्र्याची मोठी पेटी बसवली होती. दोन्ही हवा शेजारून जाणार, पण मिसळता कामा नये.

पेटीचं झाकण बंद झालं त्याच दिवशी मावशीचा नवरा, मच्छिंद्र फिटर, नाहीसा झाला.

"बाई घेऊन पळाला," कारखान्याचे साहेब म्हणाले. गावानेही री ओढली. पोटासाठी मावशीच्या हाती त्याच कारखान्यातला झाडू आला.

त्या दुपारी पेटीची चाचणी होती. भिमाजी फिटर जाणाऱ्या हवेत गुग्गुळ जाळणार होता.

"बाई, तुम्ही ताज्या हवेच्या खोलीत बसा," साहेब मावशीला म्हणाले. "गुग्गुळाचा वास आला तर सांगा. मग झाकण उघडावं लागेल."

दार लागलं. पंखा अजून बंदच होता.

तरी जाळीतून ऊबदार हवा आली...

पाठोपाठ वास आला...

करंजाच्या तेलाचा.

मच्छिंद्र भेगाळलेल्या हातांना रोज तेच चोळायचा.

मावशी उठली. झाकण लावण्याआधी फिटर पत्र्यावर दोनदा ठोकतात. आत कुणी असेल तर तो उलट ठोकतो. मच्छिंद्रनेच तिला सांगितलं होतं.

तिने जाळीमागच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं.

काहीच नाही...

मग आतून, अगदी हळू, दोनदा.

ती दार ढकलून बाहेर धावली.

"भिमाजी, झाकन लावताना तुमी ठोकलं हुतं का?"

भिमाजीने मान खाली घातली. "सायेब लई घाई करीत हुते, वैनी."

"गुग्गुळाचा वास आला का, तेवढं सांगा," साहेब मध्येच म्हणाले.

"न्हाई. पर सायेब, आत..."

"नाही ना? मग पेटी पास."

पंखा सुरू झाला. त्या घरघरीत पुढचं काही ऐकूच आलं नाही.

पुढे पेटी भंगारात गेली. ती कुणी उघडली, आत काय निघालं, आम्हाला कुणीच सांगितलं नाही.

"नुस्तं व्हय म्हनले आसते," मावशी म्हणायची, "तर झाकन उघडलं आसतं."

ती रोज कुंकू लावून कामाला जायची. त्या खोलीच्या दाराशी आली की पदराने पुसायची. घरी परतताना पुन्हा लावायची.